नवीन वर्कस्टेशन लॅपटॉपसाठी थांबायचं की आहे तो घ्यायचा? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले डिझायनर, राजारामपुरी-शाहूपुरीतले आर्किटेक्ट आणि इंजिनीअरिंगला असलेल्या पोरांचे पालक. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच: आत्ता घेऊ की नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू? वारंवार येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवलेत. मी कॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग-डिझाईन करायची) सॉफ्टवेअरं बसवून देतो, मशिन विकत नाही. त्यामुळे कुणाचा कुठला ब्रँड खपतो याच्याशी मला देणंघेणं नाही. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच दळण दोनदा दळायला नको.

१. वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे नक्की काय? गेमिंग लॅपटॉप बराच स्वस्त पडतोय, तोच का घेऊ नये?

लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका, एचपीचे झेडबुक आणि डेलचे प्रिसिजन ही यातली नेहमीची नावं. फरक चिपमध्ये फारसा नसतो, तो आजूबाजूला असतो. व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड, त्याचा वेगळा ड्रायव्हर, सॉफ्टवेअर कंपनीने त्या मॉडेलला दिलेलं प्रमाणपत्र, तासन्‌तास लोड सोसणारं कूलिंग आणि जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी, याचे ते पैसे.

सॉलिडवर्क्समध्ये मोठ्या असेम्ब्ली उघडत असाल तर हा फरक जाणवतो. तिथलं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) गेमिंगच्या जीफोर्स कार्डावर सरळपणे चालू होत नाही, आणि स्क्रीनवर कडा गायब झाल्या म्हणून तक्रार केली की सपोर्टवाले पहिल्यांदा कार्डाचंच नाव विचारतात. पण काम टू-डी ऑटोकॅड आणि लुमियनमधल्या रेंडरचं (इमारतीचं खरं वाटणारं चित्र काढण्याचं) असेल तर गेमिंग लॅपटॉप बिनधास्त घ्या. वर्कस्टेशनचे जादा पैसे तिथे पाण्यात जातील.

२. नवीन मॉडेल साधारण कधी येतात?

प्रोसेसरच्या मोठ्या घोषणा जानेवारीत, लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनाच्या सुमाराला होतात. इंटेलची कोअर अल्ट्रा सिरीज ३ जानेवारी २०२६मध्ये तिथेच आली. ग्राफिक्सची पिढी मात्र दरवर्षी बदलत नाही. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची व्यावसायिक कार्डं बघा: आरटीएक्स ए मालिका एप्रिल २०२१, एडा पिढी मार्च २०२३, ब्लॅकवेलवर आधारलेली आरटीएक्स प्रो मालिका मार्च २०२५. म्हणजे साधारण दोन वर्षांचा फेरा. हा फेरा आजवरचा अनुभव आहे, कंपनीने दिलेला शब्द नव्हे.

आपण फेऱ्यात कुठे उभे आहोत ते बघणं महत्त्वाचं. कार्डाची पिढी नुकतीच बदलली असेल आणि तुम्ही फक्त प्रोसेसरच्या पुढच्या आवृत्तीसाठी थांबला असाल, तर बहुतेक वेळा थोड्यासाठी थांबलाय.

३. घोषणा झाली म्हणजे पुढच्या महिन्यात दुकानात मिळेल ना?

नाही. आधी मंचावर घोषणा, मग परदेशातल्या साईटवर, मग भारतात एखाद-दुसरं ठरावीक कॉन्फिगरेशन. तुम्हाला हवं ते, म्हणजे ६४ जीबी रॅम आणि वरचं कार्ड, बहुतेक वेळा फॅक्टरी ऑर्डरवरच येतं आणि त्याला आठवडे लागतात. वर्कस्टेशन मोबाईलसारखा काउंटरवर पडून नसतो. कोल्हापुरातला डीलर तो पुण्या-मुंबईच्या वितरकाकडून मागवतो, आणि वितरक माल भरतो तो खपणाऱ्या कॉन्फिगरेशनचा.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट धरून चाला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी येऊन शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये काम सुरू करायचंच असेल तर मशिन जूनच्या आत हातात असू दे.

४. थोडक्यात सांगा: थांबू की घेऊ?

हातात ऑर्डर असेल आणि आत्ताच्या मशिनमुळे ती रखडत असेल तर घ्या. आत्ताचं मशिन काम ओढतंय आणि तुम्हाला फक्त नवीन हवंसं वाटतंय, तर थांबा. पण तेव्हाही अमुक एका गोष्टीसाठी थांबा, जिचं नाव तुम्हाला सांगता येईल. ‘मला २४ जीबीचं कार्ड लागतं, ते जुन्या पिढीत मिळत नाही’ हे थांबण्याचं कारण झालं. ‘काहीतरी भारी येणार आहे म्हणे’ हे नाही, कारण काहीतरी भारी कायमच येणार असतं.

यात काम कुठे रखडतंय हे कळणं हीच खरी मेख आहे. ते पुढच्या प्रश्नात.

५. माझं मशिन स्लो आहे एवढंच कळतं. नेमकं काय कमी पडतंय ते कसं ओळखू?

हे जरा इस्कटून सांगतो, कारण निम्मे निर्णय इथेच सुटतात. जी फाईल त्रास देते तीच उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर आणा, परफॉर्मन्समध्ये जा आणि मशिन अडकलेलं असताना आकडे बघा. काम संपल्यावर बघून उपयोग नाही.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सारखी धावतेय, तर रॅम कमी आहे. यासाठी नवीन पिढीची गरजच नाही; स्लॉट रिकामा असेल तर आहे त्याच मशिनमध्ये रॅम वाढवा.

ग्राफिक्सच्या पानावर ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर कार्डाची मेमरी कमी पडतेय. लुमियनमध्ये झाडं आणि गाड्या टाकत गेलात की हेच होतं. लॅपटॉपमधलं कार्ड बदलता येत नाही, त्यामुळे इथे नवीन मशिनच लागतं.

तिसरा प्रकार फसवा. सॉफ्टवेअर अडकलंय, आणि प्रोसेसरचा वापर जेमतेम ६ टक्के. लोक म्हणतात, प्रोसेसर तर रिकामा बसलाय! तसं नसतं. १६ थ्रेडच्या (म्हणजे एका वेळी १६ कामं ओढणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापर तेवढाच दिसतो. आलेखावर राईट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, मग खरं चित्र दिसेल. ऑटोकॅड, रेव्हिट आणि सॉलिडवर्क्समधलं रिबिल्ड यांचं बरंचसं काम असं एकाच थ्रेडवर चालतं. २४ कोअरचा प्रोसेसर आणला म्हणून ते २४ पट पळणार नाही. लगतच्या पिढीत एका कोअरचा वेग थोडाच वाढतो. चार-पाच वर्षं जुन्या मशिनवरून आलात तरच फरक डोळ्यांत भरतो.

६. नवीन पिढीच्या कार्डात मेमरी जास्त असेलच ना?

बहुतेक कार्डांत हो, सगळ्यांत नाही. लॅपटॉपमधल्या एडा पिढीच्या आरटीएक्स २०००ला ८ जीबी होती, ब्लॅकवेलच्या आरटीएक्स प्रो २०००लाही ८च आहे. ४००० मात्र १२वरून १६वर गेलं आणि ५००० हे १६वरून थेट २४वर. आता गंमत बघा: सगळ्यात जास्त विचारणा होते ती २०००ची, आणि थांबून मेमरी वाढली नाही ती त्याचीच. ते नवीन कार्ड जलद आहे यात वाद नाही, पण ज्याचं काम मेमरीपाशी अडलं होतं त्याचं आजही तिथेच अडेल.

७. दोन मॉडेलांत कार्ड तेच, किमतीत मात्र मोठा फरक. असं का?

वॅट. तीच चिप पातळ बॉडीत कमी वॅटवर चालवतात, जाड बॉडीत जास्त. एडा पिढीच्या आरटीएक्स ५०००साठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादाच ८० ते १७५ वॅट आहे. नाव एक, खुराक दुप्पट. कोटेशनमध्ये कार्डाच्या नावाशेजारी वॅट लिहून मागा. नवीन पातळ मॉडेलपेक्षा मागच्या पिढीचं जाड मॉडेल जास्त काम देतं, असंही पुष्कळदा होतं.

८. नवीन आलं की जुन्याचा भाव पडतोच. तेव्हाच घेऊ का?

एरवी मी हाच सल्ला देत आलोय: नवीन पिढी दुकानात आली की आधीचीचा उरलेला स्टॉक घ्या. मशिन रुळलेलं असतं, ड्रायव्हरच्या कुरबुरी मिटलेल्या असतात आणि डीलरला गोडाऊन मोकळं करायचं असतं.

सध्या हे गणित बिघडलंय. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलल्यामुळे २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ६४ जीबी रॅम आधीच बसवलेलं, जुन्या भावात पडून असलेलं मागच्या पिढीचं मशिन कुणाकडे निघालं तर त्याचा भाव उतरायची वाट बघत बसू नका. कोटेशनवर किती दिवसांची मुदत आहे तेही वाचा. पूर्वी महिनाभर मिळायची, आता डीलर एवढं लांबचं बोलायला तयार नसतात.

९. आत्ता १६ जीबी घेतो, रॅम नंतर वाढवीन. चालेल?

मॉडेल बघून. पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. घेतली तेवढी जन्मभर. एचपीच्या झेडबुक अल्ट्रा जी१एमध्ये १२८ जीबीपर्यंत मिळते, पण ती सगळी पक्की बसवलेली. जाड मॉडेलांत स्लॉट असतात. काहींत सीएएमएम नावाचं नवं, आडवं बसणारं मॉड्यूल येतं. ते बदलता येतं, पण नेहमीच्या रॅमच्या पट्टीसारखं लक्ष्मीपुरीत लगेच मिळेल या भरवशावर राहू नका.

स्लॉट असतील तर एकच पट्टी टाकून घ्या, दुसरा रिकामा ठेवा आणि भाव उतरल्यावर भरा. एका पट्टीवर वेग थोडा कमी मिळतो, पण काही महिने चालून जातं.

१०. दसऱ्याला किंवा गुढीपाडव्याला घ्यायचं ठरलंय. मुहूर्तासाठी थांबलं तर काय बिघडतं?

पाडव्याला काही नाही. दसऱ्याला मात्र आयकराचा एक काटा आहे. व्यवसायात वापरायच्या कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा (मशिन जुनं होत जातं म्हणून खर्चात धरायची रक्कम) मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, म्हणजे २० टक्के. ३१ मार्चपासून मागे मोजलं तर २ ऑक्टोबरपर्यंत मशिन वापरात आलेलं बरं. २०२६चा दसरा आहे २० ऑक्टोबरला.

जीएसटी सोडून २ लाखांचं मशिन धरा. सप्टेंबरात घेतलं तर पहिल्या वर्षी ८० हजारांचा घसारा, दसऱ्याला घेतलं तर ४० हजारांचा. ३० टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात असाल तर सेस धरून १२,४८० रुपयांचा फरक. हे पैसे बुडत नाहीत, उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतो. फक्त फायदा लांबतो. आणि नियमात ‘वापरात आणलं’ असं आहे, नुसतं बिल फाडून चालत नाही. सप्टेंबरात घेऊन काम सुरू करा, आणि खंडेनवमीला त्याची पूजा करा. ती जुन्या मशिनचीही होतेच की.

अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरणाऱ्यांना यातलं काही लागू नाही, कारण तिथे घसारा आधीच धरलेला असतो. तुम्ही कुठल्या योजनेत आहात ते तुमच्या सीएंना विचारा.

११. जीएसटीचं काय? दर कमी होईल म्हणून थांबू का?

लॅपटॉपवर १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ला बऱ्याच वस्तूंचे दर बदलले, लॅपटॉपचा बदलला नाही. नियमित नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वजा होतो. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. क्रेडिट घेतलंत तर त्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही.

१२. आमची फौंड्री आहे. कास्टिंगच्या सिम्युलेशनसाठी नवीन मॉडेलची वाट बघावी का?

आधी लायसन्स काढून वाचा. मॅग्मासॉफ्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका गणितासाठी किती कोअर वापरायचे हे लायसन्सवर ठरतं. ते जितक्या कोअरचं आहे त्याच्यापुढचे कोअर त्या गणितात नुसते बघत बसतात. अशा वेळी नवीन प्रोसेसरचे पैसे भरण्यापेक्षा लायसन्स वाढवणं कामाचं.

दुसरी गोष्ट उष्णता. रनर-रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटा) बदलून रात्रभर सॉल्व्हर लावला की लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि वेग उतरवतो. आजूबाजूला भट्टीची उष्णता आणि काळी धूळ असेल तर अजूनच. मी एका लॅपटॉपचा पंखा उघडला होता. पात्यांवर वाळू आणि लोखंडाच्या बारीक भुकटीचा थर असा बसला होता, की ब्रशने निघेना. ही भुकटी वीज वाहून नेते, ती बोर्डावर पडलेली चांगली नव्हे.

माझं मत विचाराल तर फौंड्रीत सिम्युलेशनला लॅपटॉप नकोच. ऑफिसच्या बंद खोलीत डेस्कटॉप वर्कस्टेशन आणि यूपीएस ठेवा, ग्राहकाकडे दाखवायला साधा लॅपटॉप न्या. दोन्ही मिळूनही वरच्या कॉन्फिगरेशनच्या एका लॅपटॉपएवढ्यात बसू शकतं.

१३. वीज जाते तेव्हा लॅपटॉपला बॅटरी असते. मग डेस्कटॉपपेक्षा तोच बरा नाही का?

फाईल वाचते, वेग वाचत नाही. बॅटरीवर गेल्याबरोबर वर्कस्टेशन लॅपटॉप प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचा दम कमी करतो. महावितरणचं भारनियमन तुमच्याकडे नेहमीचं असेल तर मॉडेल कुठलंही घ्या, जोडीला इन्व्हर्टर लागणारच. अ‍ॅडॅप्टरवरचे वॅट वाचून त्या हिशेबाने घ्या.

१४. नवीन मॉडेल आल्या आल्या घेतलं तर सॉफ्टवेअर चालेल ना?

चालेल, पण सॉफ्टवेअर कंपनीचं प्रमाणपत्र मशिनच्या मागून येतं. सॉलिडवर्क्सच्या साईटवर मॉडेल, कार्ड आणि ड्रायव्हरची आवृत्ती टाकून यादी तपासता येते. नवीन मॉडेल तिथे दिसेपर्यंत थांबा. प्रमाणपत्रासाठीच जादा पैसे देत असाल (प्रश्न १), तर ते नसताना घेण्यात काय अर्थ? पुढच्या वर्षाची आवृत्ती टाकायची घाई असेल तर तीच निवडून बघा. मागच्या आवृत्तीचं प्रमाणपत्र पुढचीला लागू होत नाही.

१५. एआय लॅपटॉप, एनपीयू (प्रोसेसरमधला एआयसाठीचा वेगळा भाग) वगैरे. त्यासाठी तरी थांबावं का?

कॅड, रेंडर आणि कास्टिंगच्या सिम्युलेशनची जड गणितं आजही प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर होतात. एनपीयूसाठी थांबू नका.

१६. जुना लॅपटॉप विंडोज १०वर आहे. तरी थांबू शकतो का?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशिन इंटेलच्या आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर विंडोज ११ टाकून थांबता येईल. सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं असेल आणि त्याच्यावर ग्राहकांची ड्रॉइंग, जीएसटी आणि बँक असं सगळं चालत असेल, तर नवीन मॉडेलचा विचार बाजूला ठेवा आणि बदला.

१७. पोरगं पहिल्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. चार वर्षं टिकेल असा भारीतला आत्ताच घेऊन टाकू का?

इथे मात्र खरंच थांबा. पहिली दोन वर्षं बहुतेक प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग आणि सबमिशनं असतात. १६ जीबीचा, रॅम वाढवता येणारा साधा लॅपटॉप पुरतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, आणि जड काम कॉलेजच्या लॅबमध्ये करता येतं. तिसऱ्या वर्षी त्याचं डिझाईनकडे मन आहे की कोडिंगकडे हे कळलं की मग मोठा खर्च करा. तोवर ब्लॅकवेलनंतरची पिढीही बहुधा आलेली असेल.

१८. दाजी दुबईला असतात. त्यांच्याकडून नवीन मॉडेल लवकर मागवू का?

१८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्क न भरता आणता येतो, तेवढं सोपं आहे. पण जीएसटीचं क्रेडिट नाही, आणि वॉरंटीचा घोळ होतो. वर्कस्टेशनची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकलं तिथलीच असते; ती भारतात वर्ग होते का आणि किती दिवसांत, हे सिरीयल नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्या. बोर्ड गेला आणि वॉरंटी लागू नसली तर दुरुस्तीचा आकडा ऐकून दाजींनाच फोन लागेल. कीबोर्डवर अरबी अक्षरं असतील तेही दाजींना आधीच विचारून ठेवा.

१९. वॉरंटीत ‘दुसऱ्या दिवशी इंजिनीअर’ लिहिलंय. कोल्हापुरात खरंच येतो?

शहरात साधारण येतो, पण पार्ट हाताशी असला तर. नुकत्याच आलेल्या मॉडेलचे पार्ट जवळच्या डेपोत असण्याची शक्यता कमी, म्हणून पहिल्या काही महिन्यांत दुरुस्ती लांबू शकते. वसाहतीत किंवा तालुक्याच्या गावी असाल तर तुमच्या पिनकोडला ही सेवा आहे का ते खरेदीआधी विचारा. जागेवरच्या तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी मी कार्डात एक पायरी खाली उतरीन.

२०. नावांचा गोंधळ होतो. आरटीएक्स २००० आणि आरटीएक्स प्रो २००० एकच का?

नाही. ‘प्रो’ असलेलं ब्लॅकवेल, २०२५चं. ‘एडा’ असलेलं २०२३चं. कोटेशनवर नुसतं ‘आरटीएक्स २०००’ असेल तर पूर्ण नाव लिहून घ्या. डेलनेही जानेवारी २०२५मध्ये प्रिसिजन हे नाव सोडून डेल प्रो मॅक्स घेतलं. तेव्हा ‘प्रिसिजनचं नवीन मॉडेल कधी येतंय’ म्हणून थांबलेल्यांनी डेल प्रो मॅक्स या नावानेही शोधावं.

२१. ऑर्डर दिली आणि आठवड्यात नवीन मॉडेल जाहीर झालं. आता?

फॅक्टरी ऑर्डर असेल तर ती बनायला लागण्याआधीच रद्द होते, नंतर डीलर ऐकत नाही. अ‍ॅडव्हान्सच्या पावतीवर काय लिहिलंय ते बघा. रद्द होत असेल तरी आधी प्रश्न ३ आणि ६ वाचा. जाहीर झालेलं मॉडेल तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये तुमच्या तारखेला मिळणार नसेल, तर रद्द करून हातात काहीच उरत नाही. माल निघालेला असेल तर डीलरशी भांडण्यापेक्षा जाऊन बसा आणि एक वर्षाची जादा वॉरंटी किंवा वरची रॅम मागा. चहा संपेपर्यंत नाही म्हणतील, पण मागून बघा.